कानामागून आलेले हार्मोन

कान हा पापभीरू कारकून आहे, आलेला आवाज जसाच्या तसा मेंदूच्या टेबलावर ठेवतो, अशी आपली ठाम समजूत असते. तिला सुरुंग लावला मिडशिपमन नावाच्या माशाने. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात याचा नर दगडाखाली घर थाटतो आणि मादीला बोलावण्यासाठी रात्री एकसुरी गुणगुणत बसतो. सूर साधारण १०० हर्ट्झचा. आलाप नाही, तान नाही, नुसता खर्ज. १९८० च्या दशकात तिथल्याच सॉसालिटो गावात हाउसबोटींवर राहणाऱ्यांची झोप या मैफलीने उडवली. मैलापाण्याच्या पंपापासून लष्करापर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला, मग गवई सापडला. पण खरी कमाल श्रोत्यांची. या खर्जावर स्वरांचे जे वरचे थर असतात, ते हिवाळ्यात मादीच्या कानाला नीट पकडताच येत नाहीत. विणीच्या हंगामात मात्र लख्ख ऐकू येतात. सिस्नेरोस, बास या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिलं, की हिवाळी मादीला इस्ट्रोजेन दिलं की काही आठवड्यांत तिचा कान उन्हाळी होतो. आणि ही कलाकारी मेंदूच्याही आधी, थेट अंतःकर्णातच होते. म्हणजे काय ऐकू यावं, यात हार्मोनचा वशिला चालतो.

यावर कुणी म्हणेल, माशाचं काय घेऊन बसलात, माणसाला अक्कल असते. असते ना, पण वेळेवर आठवत नाही. झुरिकच्या संशोधकांनी २००० साली लोकांकडून शब्द पाठ करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी तासभर कॉर्टिसोन या हार्मोनची गोळी दिली, तर आठवलेले शब्द कमी भरले. हीच गोळी पाठांतराच्या आधी किंवा लगेच नंतर दिली, तर काही बिघडलं नाही. म्हणजे माल गोदामात शाबूत, किल्लीच सापडेना. ताणाच्या वेळी आपलं शरीर असंच हार्मोन स्वतः तयार करतं, तेही फुकट. तेव्हा पेपर हातात पडताच कोरा झालेला मुलगा दरवेळी उनाडच असतो असं नाही. 'अभ्यास केला असतास तर आठवलं असतं' हे पालकांचं ठरलेलं वाक्य निम्मंच खरं आहे, आणि ते परीक्षेला निघताना दारात ऐकवलं तर त्या निम्म्याचीही वाट लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: असं सगळं हार्मोनवर ढकललं, तर जो तो हात झटकून मोकळा होईल. होऊ द्यायचं नाही. मादीचा कान पालटायला आठवडे लागतात. 'भाजी आणा' ऐकू न येणारे आणि पुढच्याच मिनिटाला शेजारच्या टीव्हीवरचा स्कोअर टिपणारे कान इस्ट्रोजेनच्या खात्यात बसत नाहीत.