आधी हार, मग पावती

दिवाळी सरली आणि धानाचे भारे बांधून झाले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांची पत्रकं उगवू लागतात. विजेच्या खांबांवर, पानठेल्यांच्या फळ्यांवर, एसटीच्या थांब्यांवर. दिवसा मंडई म्हणजे गावजत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, हा या भागाचा होळीपर्यंतचा कार्यक्रम. पत्रकाचा वरचा भाग नाटकाचा असतो. खालचा भाग असतो उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी, प्रमुख अतिथी आणि शेवटी नुसत्याच अतिथींचा. पुष्कळदा कलाकार कमी आणि अतिथी जास्त भरतात. नाटकात खलनायक एकच असतो. पत्रकात किती, ते प्रेक्षकांनी ठरवायचं.

खरं तर हे दरपत्रकच. देणगी जितकी जाड, तितका टाइप जाड. फोटोसकट नाव हवं असेल तर रक्कम वेगळी आणि नायिकेच्या फोटोहून मोठा फोटो हवा असेल तर विषयच वेगळा. मंडळाची पोरं पावतीबुक घेऊन एखाद्या पुढारी भाऊंच्या दारात उभी राहतात.

"का जी भाऊ, तुमचा नाव उद्घाटकात टाकाचा का सहउद्घाटकात?"

"उद्घाटकात कोन हाय?"

पोरं दुसऱ्या भाऊंचं नाव सांगतात.

"मंग मले अध्यक्ष करा."

याच व्यवहाराला शहरात क्राउडफंडिंग म्हणतात. अमेरिकेत २००९ साली किकस्टार्टर नावाचं संकेतस्थळ निघालं आणि लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन नवी वस्तू, सिनेमा किंवा पुस्तक तयार करायची रीत जगभर पसरली. तिथेही पायऱ्या असतात. इतके डॉलर दिले तर आभाराचं पत्र, तितके दिले तर सदरा, आणखी दिले तर खुद्द ती वस्तू. व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर याला नवा शोध मानतात. ५१, १०१ आणि ५०१ च्या पायऱ्या आखून प्रत्येकीवर वरचा एक रुपया शकुनाचा घेणाऱ्या आपल्या पावतीबुकाला मात्र कुणी शोध म्हटलं नाही.

नावाची भूक काही एकट्या झाडीची नाही. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सकडून भेट मिळाला, पण चौथऱ्याला पैसे कमी पडले. तेव्हा १८८५ साली जोसेफ पुलित्झरने आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली. कितीही कमी रक्कम द्या, नाव छापू! पाच महिन्यांत लाखावर लोकांनी एक लाखाहून जास्त डॉलर दिले आणि चौथरा उभा राहिला. वाचकांनी रोज आधी काय वाचलं असेल, बातम्या की नावांची यादी, हे वरोरा-ब्रह्मपुरीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

फसगतीही तिकडे कमी नाहीत. २०१४ साली 'कूलेस्ट कूलर' नावाच्या शीतपेटीसाठी किकस्टार्टरवर ६२ हजारांहून अधिक लोकांनी १.३ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८० कोटी रुपये मोजले. पेटीत मिक्सर होता, स्पीकर होता, फोन चार्ज करायची सोय होती. नव्हती ती फक्त वेळेवर पोचायची सोय. २०१९ च्या डिसेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा सुमारे २० हजार जणांच्या हाती मिक्सरही नव्हता आणि थंडावाही. आपण काही दुकान नाही, असं किकस्टार्टरने २०१२ मध्येच जाहीर करून ठेवलं होतं. पैसे आधी, बक्षीस नंतर, आणि नंतर म्हणजे केव्हा ते विचारायचं नाही.

झाडीत असं चालत नाही. मंडळाची माणसं वडशाला, म्हणजे देसाईगंजला जाऊन नाटक कंपनीची तारीख घेतात, इसार देतात. त्या रात्री पडदा उघडला नाही तर त्यांना गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. घरोघरी पाहुणे आलेले असतात, जावई आलेले असतात, शेजारच्या गावचे सोयरे पोरगी पाहायच्या निमित्ताने येऊन बसलेले असतात. तिकीट काढणाऱ्याला त्याचं बक्षीस पहाटेपर्यंत रोख मिळतं: रडणं, हसणं, लावणी. गडचिरोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग करून २०२३ साली पद्मश्रीपर्यंत पोचले. तिकीटविक्रीतून उरलेला पैसा देवळाच्या सभामंडपाला नाहीतर शाळेच्या कामाला लागतो.

फक्त अतिथींच्या रांगेत हिशेब उलटा होतो. तिथे बक्षीस आधी आणि पैसे नंतर. रात्री दहाला भाऊ मंचावर येतात, हार घालून घेतात, शाल अंगावर घेतात, माईक हाती घेऊन मंडळाला घसघशीत देणगी जाहीर करतात आणि टाळ्या वाजायच्या आत शेजारच्या गावच्या उद्घाटनाला निघतात. तिथेही तीच शाल, तोच आकडा. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या हंगामापासून पत्रकांना वेगळंच बळ आलं. एकाच भाऊंच्या नावामागे एका गावात 'माजी' लागलं, दुसऱ्या गावात 'भावी'.

पुण्या-मुंबईच्या देणगीदाराला शाल नको असते, त्याला ८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची पावती हवी असते. बाबा आमट्यांनी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशातले १४ रुपये एवढ्यावर आनंदवन उभं केलं. त्या आनंदवनात येणारा पाहुणा आधी पावतीवर पॅन नंबर बरोबर पडला का ते तपासतो. तरी आयकर खातं त्याची परीक्षा पाहतंच. दोन हजारांहून जास्त रोख दिली तर सवलत नाही, जुने कपडे दिले तर नाही आणि नवी करप्रणाली निवडली तर मुळीच नाही. नव्या प्रणालीत गेलेले काही दयाळू लोक तेव्हापासून बरेच विचारी झाले आहेत. शाळेला पंखा देणाऱ्याची अडचण आणखी निराळी. पात्यांवर 'यांच्या स्मरणार्थ' रंगवलेलं असतं आणि पंखा फिरला की नाव दिसत नाही. म्हणून तो शाळा पाहायला थंडीत येतो.

असल्या हौसेवाचूनही पैसा उभा राहतो. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसा फंड जमवला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पैसा दिलेल्यांची नावं छापायची म्हटली असती तर निम्मा फंड कागदातच गेला असता. विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. १९७६ साली पडद्यावर निर्माते म्हणून पाच लाख शेतकरी झळकले, सगळे एका ओळीत. अध्यक्ष कोण आणि सहउद्घाटक कोण, हा प्रश्न दिग्दर्शक श्याम बेनेगलांना पडला नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात तर दात्याची खुर्चीच नाही. देवाजी तोफांच्या नेतृत्वाखाली या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्यावर विकायला सुरुवात केली. तिथे मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात जातो आणि निर्णय सर्वानुमते होतो. देणारे सगळेच, त्यामुळे हार घालणार कोण आणि कुणाला! भाऊंच्या दृष्टीने हे गाव अगदीच गैरसोयीचं.

नाटक संपतं तेव्हा फटफटलेलं असतं. मंडळाची पोरं तिकिटांचे पैसे मोजतात, कंपनीची उरलेली रक्कम चुकती करतात, मांडववाल्याला देतात, साउंडवाल्याला देतात. मग जाहीर देणग्यांची यादी काढून मोटारसायकलवर भाऊंच्या घरी जातात. भाऊ पहाटेच नागपूरला गेलेले असतात. फोन लागत नाही. आठवड्याने लागतो, तेव्हा भाऊ आधी विचारतात, "पुढल्या सालचा पत्रक कवा छापता?"

पोरं एकमेकांकडे पाहतात. यादीतला आकडा तसाच ठेवून पुढच्या वर्षाच्या कागदावर भाऊंचं नाव एक ओळ वर सरकवतात.