आठशे डॉलरचा तास

पूर्वी आमच्या सीमाभागात माणूस काशीला जाऊन आला की मावंदं घालायचा. पंगती उठायच्या, गंगेच्या गडव्याची पूजा व्हायची आणि त्या दिवसापासून गल्लीत त्याला कुणी उलट बोलत नसे. पुढे काशी स्वस्त झाली, तेव्हा तो मान दुबईवाल्यांकडे गेला. दुबईही स्वस्त झाली, तेव्हा न्यूजर्सीत मुलाकडे सहा महिने राहून तिथल्या रस्त्यांची स्वच्छता सांगणाऱ्यांकडे. हल्ली तो जंगलवाल्यांकडे आहे. बेळगावात टिळकवाडी ओलांडेपर्यंत असे चार तरी भेटतात. पेशानं दंतवैद्य, बिल्डर नाहीतर निवृत्त बँक मॅनेजर. अंगात खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट, आणि लेन्स एवढी लांब की मोटारीत पुढच्या सीटवर ती बसते आणि बायको मागे. शनिवारी दांडेली, दिवाळीला ताडोबा, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मसाईमारा. या सगळ्या उतरंडीच्या टोकाला गोरिला बघून आलेला माणूस असतो. आणि बेळगावकरांना कितीही झोंबलं तरी तो मान सध्या निपाणीकडे आहे, आमच्या आण्णांकडे.

आण्णा तंबाखूचे व्यापारी, तिसऱ्या पिढीचे. निपाणीत वखारवाल्याच्या घरी जन्मलेलं पोर आधी शिंकतं आणि मग रडतं. आण्णांची शिंक वयाबरोबर गेली, खोकला राहिला. पहाटे तो सुरू झाला की शेजारीपाजारी नळाला पाणी आलं असं समजून घागरी घेऊन उठतात.

नियमांशी आण्णांचं कधी जमलं नाही. रांग ही दुसऱ्यांनी उभं राहायची जागा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. आदमापूरच्या देवळात अमावस्येच्या गर्दीतसुद्धा ते बाजूच्या दारानं आत जाऊन बाजूच्याच दारानं बाहेर येतात. भाव केल्याशिवाय त्यांनी मीठ घेतलेलं नाही. डॉक्टरनं गुडघे बदलायला सांगितले, तेव्हा 'दोन्ही एकदम घेतले तर किती?' असं विचारून ते न घेताच परत आले होते. अशा माणसाला त्यांच्या बंगळूरच्या पोरानं साठीची भेट म्हणून आफ्रिकेला धाडलं.

युगांडात परदेशी माणसाला पहाडी गोरिला बघायचं परमिट आठशे डॉलरला पडतं, शेजारच्या रवांडात पंधराशेला. रवांडानं २०१७ साली एका झटक्यात साडेसातशेचे पंधराशे केले आणि तरी धंदा बसला नाही, हे ऐकून आण्णांना त्या देशाबद्दल जो आदर वाटला तो आजवर कुठल्याही सरकारबद्दल वाटला नव्हता. परमिट मात्र युगांडाचं काढलं. "रवांडाच्या गोरिलाला काय दोन शेपट्या हायत?" असं ते म्हणाले. गोरिलाला एकही शेपूट नसते, हे कळायला त्यांना अजून वेळ होता.

या पैशात मिळतो एक तास. दिवसाला एका गोरिला-कुटुंबापाशी फक्त आठ पाहुणे, तेही एकदाच. पहाटेच माग काढणारी माणसं पुढे जातात, आदल्या रात्रीच्या पालापाचोळ्याच्या बिछान्यांवरून कुटुंब कुठं सरकलंय ते शोधतात आणि मागच्यांना वायरलेसवर कळवतात. मग डोंगर चढायचा, कधी तासभर, कधी अर्धा दिवस. अंतर पूर्वी सात मीटर ठेवायचं होतं, करोनानंतर ते दहा झालं आणि तोंडावर मास्क आला. जवळपास खायचं नाही, थुंकायचं नाही. पोटाची गडबड झालीच तर वाटाड्या फूटभर खोल खड्डा खणून देतो. हे सगळं आण्णांनी ऐकून घेतलं. पुढचा नियम ऐकून मात्र त्यांचा चेहरा उतरला. खोकला-पडसं असलेल्या माणसाला वर सोडत नाहीत. गोरिलाची आणि आपली घडण इतकी जवळची की आपलं साधं पडसं त्यांच्या अख्ख्या कुटुंबाला भोवू शकतं.

निघायच्या आधी महिनाभर घरात ज्येष्ठमध, अडुळसा आणि हळदीच्या दुधाचा मारा चालला. तंबाखू सुटली. वखारीत पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. आण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, सगळ्यांना सांगत होत्या, "पस्तीस वर्षं मी सांगतोय तर ऐकला नाही, त्या डोंगरातल्या बाबासाठी बघा कसा सोडलान." (आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल 'सांगतोय' म्हणतात. पुण्याच्या सुनेला दचकायला तेवढं पुरतं.)

आण्णा वर कसे गेले याबद्दल दोन मतं आहेत. त्यांचं म्हणणं, हेलिकॉप्टरनं. काकूंनी ही बातमी फोनवरून कोल्हापूरपर्यंत पोचवली होती. नंतर पोरानं फोटो दाखवले, त्यात चार तगडे हमाल खांद्यावर एक खुर्ची घेऊन चाललेत आणि खुर्चीत आण्णा. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात चालवत नाही अशा पाहुण्याला ज्या डोलीतून नेतात, तिला तिथले लोकच थट्टेनं 'हेलिकॉप्टर' म्हणतात. म्हणजे आण्णा खोटं बोलले नव्हते. तेवढं डोली उतरताना किती भाडं ठरलं आणि किती दिलं, हे कुणी विचारलं की ते विषय बदलतात.

आणि मग तो तास. पाठीवर रुपेरी पट्टा असलेला, पावणेदोनशे किलोचा कुटुंबप्रमुख झाडपाला ओरबाडून खात बसला होता, आण्णांकडे पाठ करून. चाळीस मिनिटं त्यानं वळून बघितलं नाही. चिकोडीतल्या कचेरीत साहेबानं दोन मिनिटं मान वर केली नाही म्हणून टेबलावर हात आपटणारे आण्णा, मास्क लावून, तोंडात काही नसताना, शेवाळात पाय रुतवून गप उभे होते. त्यातच मास्कच्या आत खोकल्यानं डोकं वर काढलं. आण्णांनी तो गिळला. परत आला, परत गिळला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या जर्मन बाईंना वाटलं, केवढा हळवा माणूस! खाली उतरल्यावर त्यांनी आण्णांना मिठी मारली. आण्णांना त्या मिठीचा अर्थ आजतागायत कळलेला नाही. काकूंना तो जरा जास्तच कळलाय.

"पाठच बघितलो," ते सांगतात. "खरं काय पाठ होती!"

परत आल्यावर रीतसर मावंदं झालं. पुरणपोळी, कटाची आमटी, शिवाय बेळगावहून मागवलेला कुंदा. गंगेच्या गडव्याच्या जागी गोरिला बघितल्याचं सर्टिफिकेट पाटावर ठेवलं होतं. पुढं ते चौकटीत घालून वखारीत आजोबांच्या तसबिरीशेजारी लावलं, आणि वखारीतला गडी रोज सकाळी दोघांनाही हार घालतो. नातू झाला तेव्हा आण्णा दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. एका वेळी आठ जण, मास्क सक्तीचा, खोकला असेल तर परत. बाळाच्या सख्ख्या आत्याला त्यांनी दहा मीटरवरून बाळ दाखवलं.

कट्ट्यावर कुणीतरी म्हणालंच, "आण्णा, एवढं लांब कशाला गेलासा? म्हैसूरला आल्यात की दोन!" खरंच आहेत. २०२१ साली जर्मनीहून थाबो आणि डेंबा हे दोन नर म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आले. त्याआधी तिथं पोलो नावाचा एकटा गोरिला होता, तो २०१४ साली गेला. आण्णांनी खिशातून चष्मा काढला. "ते सखल मुलखातलं बियाणं. पहाडी गोरिला जगात एकाबी झूमध्ये न्हाई. त्याला बघायचं तर त्याच्या घरी जायचं, त्याच्या टायमानं."

आण्णांची थट्टा करणं सोपं आहे, पण बेळगावातल्या लेन्सवाल्यांना जे सांगता येत नाही ते हा माणूस दोन वाक्यांत सांगतो. तिकडच्याच विरुंगाच्या डोंगरांत १९८१ साली अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. चार वर्षांनी डायन फॉसी या बाईंचा, ज्यांनी गोरिलांसाठी आयुष्य घातलं, तिथंच खून झाला. बऱ्याच वर्षांनंतरच्या मोजणीत विरुंगात ६०४ भरले, ब्विंडीचे ४५९ मिळवून १०६३. हे कसं झालं म्हणाल तर पहारा, डॉक्टर, संशोधक सगळं आहेच, पण आण्णा बाजारभावावर येतात. "माल थोडा, गिऱ्हाईक मोजून आठ, टाइम एक तास. सौदा कोण मोडतोय? मेलेला गोरिला एकदाच विकतोय, जिता रोज विकतोय." आणि मग दुसरं वाक्य, जे ऐकायला लेन्सवाले थांबत नाहीत: "परमिटमागं गावाला दहाच डॉलर. शेकडा सव्वा. अडत्या सुद्धा याच्यापेक्षा जास्त घेतोय."

ब्विंडीचं राष्ट्रीय उद्यान १९९१ साली झालं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर काढलं. आता ते पाहुण्यांसमोर नाचून दाखवतात. आण्णांनी तो नाच बघितला आणि बक्षीस दिलं, घासाघीस न करता. त्यांच्या आयुष्यातला हा दुसराच प्रसंग; पहिला बहुधा डोलीचा. इकडे भीमगडच्या रानातल्या तळेवाडीच्या लोकांना बाहेर वसवायचं घाटत होतं, ते पेपरात वाचताना ते म्हणाले, "यांनापण नाच शिकवा म्हणावं." कट्ट्यावर कुणी हसलं नाही. विरुंगातल्या मोजणीचं ते १९८१ साल काढलं, तर निपाणीत तसंही कुणाला गोरिला आठवत नाही. त्या साली तंबाखूला भाव मागत शेतकरी हायवेवर बसले होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. आण्णा तेव्हा वडिलांच्या गादीवर नुकते बसू लागले होते. त्या विषयावर ते अजून बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

यंदा थंडीत आण्णांच्या वेदगंगेकाठच्या उसात गवा शिरला. राधानगरीकडून खाली आला असणार. तिथलं अभयारण्य १९५८ सालापासून मुळात गव्यांसाठीच आहे, आणि मोठा नर वजनाला चार-पाच रुपेरी पाठींना भारी. पण त्याला बघायला जर्मनीहून कुणी येत नाही. सीमेच्या अलीकडच्या वनखात्याच्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, जनावर पलीकडचं. पलीकडचे म्हणाले, ऊस तुमच्या हद्दीतला. सीमाप्रश्न तसा आम्हाला पाठ आहे, पण तो जनावरापर्यंत गेलेला मी पहिल्यांदाच बघितला. गावातली पोरं फटाके घेऊन निघाली होती. आण्णांनी त्यांना बांधावर अडवलं, आठ जण मोजून पुढे सोडले आणि बाकीच्यांना दहा मीटर मागे रेटलं. तासानं शिट्टी वाजवून सगळ्यांना हाकललं. गवा मात्र तासानं गेला नाही, तो सावकाश पहाटेपर्यंत जेवला.

दुसऱ्या दिवशी वखारीत आण्णांनी दिवाणजींना चोपडी काढायला लावली. नवं खातं उघडलं, नाव: गवा, राहणार राधानगरी. नावे: ऊस, अंदाजे पाऊण टन. दिवाणजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "जमेला काय लिवू?"

"तेवढं रिकामं सोड," आण्णा म्हणाले. "पोराला त्या जर्मन बाईचा नंबर हुडकायला सांगितलोय."