मेमोच्या दोन झेरॉक्स

जून लागला की कळंब असो, उमरगा असो की परंडा, चौकातल्या डिजिटल बोर्डावरचे चेहरे बदलतात. वाढदिवसवाले भावी नगरसेवक खाली उतरतात आणि गुणवंत वर चढतो. बोर्ड कितीही मोठा असला तरी गुणवंताच्या वाट्याला कोपराच येतो. वरच्या रांगेत आजी-माजी नेते, मध्ये हात जोडलेले शुभेच्छुक, डावीकडं क्लासचे संचालक, आणि उजवीकडं तळाला, हॉलतिकिटावरून उचललेल्या फोटोत, श्वास रोखून बसलेला गुणवंत. फोटोवर शाळेच्या शिक्क्याची निळी कड तशीच असते. टक्के मात्र एवढे ठळक छापलेले, की एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला चेहरा दिसत नाही, आकडा दिसतो. ९८.६०.

परमुलखातल्या माणसाला हा आकडा भरघोस वाटेल. पण गुणवंत पडला लातूर विभागीय मंडळाचा. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे या मंडळात येतात. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना शंभर टक्के पडले, त्यातले ११३ लातूर विभागाचे. आदल्या वर्षी १८७ पैकी १२३. आणि त्याच २०२५ साली विभागाचा एकूण निकाल ९२.७७ टक्के, राज्याच्या ९४.१० पेक्षा कमी, नऊ विभागांत शेवटून दुसरा. या भागात पास होणं अवघड आणि पैकीच्या पैकी पाडणं सोपं आहे की काय, असं ९८.८२ टक्क्यांच्या कोकणातल्या माणसाला वाटलं, तर त्याला दोष देता येणार नाही.

अशा मुलखात ९८.६० वाल्याचं अभिनंदन कमी आणि सांत्वन जास्त होतं. "थोडक्यात हुकलं बघा," म्हणत शेजारी पेढा उचलतात. दुसरा पेढा उचलताना जाणकार काकांचा प्रश्न येतो, "एक्स्ट्रा धरून, का न धरता?"

हा प्रश्न गुणवंताच्या बापाला झोंबतो, कारण त्याचं उत्तर दोन मजली आहे. सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, म्हणजे बेरीज पाचशेवर येते. त्यात चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड असली की सात गुण, बी असली की पाच, सी असली की तीन. खेळाचे वेगळे, लोककलेचे वेगळे. गुणवंतानं आठवीत असताना पितळी तांब्या, दोन कांदे आणि मागं लोंबणारा मळकट पडदा असं स्थिरचित्र तीनदा खोडून काढलं होतं. त्या तांब्या-कांद्यांनी सात गुण दिले. ते धरून ४९३, न धरता ४८६. म्हणजे एक्स्ट्रा न धरता ९७.२०. बाप हा आकडा घराबाहेर काढत नाही.

मंडळानं गुणवत्ता यादी लावणं बंद केलं, त्याला बरीच वर्षं झाली. पूर्वी मंडळात पहिला एकच असायचा. आता ती अडचण राहिलेली नाही. कुणी केंद्रात पहिला, कुणी सेमी-इंग्रजीतून पहिला, कुणी मुलांमध्ये पहिला, कुणी संस्थेच्या ग्रामीण शाखांमध्ये पहिला. गुणवंत तर दोन क्लासचा 'आमचा विद्यार्थी' आहे. एकात तो दोन वर्षं शिकला. दुसऱ्यात सराव परीक्षेच्या तीन पेपरांना बसला. दुसऱ्याचा बोर्ड मोठा आहे.

त्यातून सुरू होतो सत्कारांचा हंगाम. शाळा, पतसंस्था, समाजमंडळ, गणेश मंडळ, बापाचा दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. निमंत्रणाचा मजकूर ठरलेला: गुणवंतांनी पालकांसह उपस्थित राहावे, सोबत मार्कमेमोच्या दोन झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो आणावा. पहिल्या सत्काराला गुणवंत लाजला. चौथ्याला वाकून नमस्कार करताना कॅमेरा कुठं आहे, हे त्याला कळू लागलं. सातव्यानंतर आईनं शालींची प्रतवारी लावली; बऱ्या शाली दिवाळीनंतरच्या लग्नांत आहेराला, उरलेल्या प्रवासाला. नारळांचं मात्र काय करावं ते कुणाला सुचेना. बर्फी झाली, चटणी झाली, शेवटी घरात नारळाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

गुणगौरव सोहळ्याला पाहुणे दीड तास उशिरा येतात आणि तेवढाच वेळ बोलतात. भाषणाची सुरुवात बहुतेक हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेपासून होते. लोहारा तालुक्यातलं हे गाव, शाळा १९२१ ची, स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. निजामाच्या राज्यात राष्ट्रीय शाळा चालवणं म्हणजे काय, हे ऐकण्याजोगं असतं. पण पाहुणे तिथून दोन वाक्यांत स्वतःच्या संस्थेवर येतात आणि पुढं तिथंच मुक्काम करतात.

"खेळाकडंही लक्ष द्या!" हा दुसरा टप्पा. इथं उदाहरणाला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवचीच अश्विनी शिंदे होती. टाळ्या पडतात. गुणवंतही वाजवतो. त्याची बॅट नववीच्या पहिल्या दिवशी माळ्यावर गेली, ती अजून खाली आलेली नाही.

त्याच्या मागच्या रांगेत खरोखरची एक खो-खोवाली बसलेली असते. विभागापर्यंत खेळलेली, गुडघ्यांवर मैदानाच्या खुणा, दहावीला ७१ टक्के. सूत्रसंचालक घड्याळ बघून जाहीर करतात, की वेळेअभावी क्रीडा विभागाचा सत्कार एकत्रित होईल. सगळे खेळाडू एकदम व्यासपीठावर चढतात. शाली तिच्यापाशी येऊन संपतात. संयोजक इकडं-तिकडं बघतात आणि पहिल्या रांगेतल्या गुणवंताला खूण करतात, "तुझी दे रं जरा, फोटोपुरती." तो देतो. फोटो निघतो. खाली उतरता उतरता ती शालीची नीट घडी घालून त्याला परत करते आणि विचारते, "तुला अजून किती ठिकाणी जायचंय?" तो बोटं मोजू लागतो.

१६ जूनला शाळा उघडल्या. गावच्या जिल्हा परिषद शाळेनं पहिलीची लेकरं फुगे बांधलेल्या बैलगाडीतून मिरवत आणली आणि पुस्तकं वाटायला माजी विद्यार्थी म्हणून गुणवंताला बोलावलं. तो बोलला, "नियमित अभ्यास करा. मोबाइलपासून लांब राहा." हे बोलताना त्याच्या खिशातला मोबाइल दोनदा थरथरला. निकालाचं बक्षीस म्हणून तो नुकताच घेतला होता.

दरम्यान "पोराला कुठं टाकलं?" या प्रश्नाला बापाचं उत्तर तयार होतं: लातूरला. धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथं पोचायचा रस्ताही लातूरवरूनच जातो, अशी जिल्ह्याची पक्की समजूत. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, संकेतस्थळानं पहिल्याच दिवशी मान टाकली, आणि बाप दहा पसंतीक्रमांचा कागद घेऊन ई-सेवा केंद्राच्या पायरीवर बसून राहिला. क्लासची फी मात्र त्याआधीच भरलेली होती. तिथं सर्व्हर डाऊन नव्हता.

लातूरच्या खोलीत गुणवंताला दोन जोडीदार मिळाले. एक शंभर टक्केवाला, दुसरा ९९.४० चा. इथं टक्के कुणी विचारत नाही, जेवणाच्या डब्याचा नंबर विचारतात. पहिली चाचणी झाली. बरोबर उत्तराला चार, चुकलं की उणे एक, एकूण ७२०. गुणवंताला १८७ पडले. शंभरवाल्याला १९४. दोघांनी एकमेकांचा कागद बघितला आणि न बोलता घडी करून खिशात घातला.

त्याच संध्याकाळी बापाचा फोन वाजला. १५ ऑगस्टला एका मंडळाचा गुणगौरव होता. बापानं पहिल्यांदाच आढेवेढे घेतले. पोरगं लातूरला आहे, अभ्यास अवघड जातोय, पहिल्या चाचणीला जरा कमीच पडलेत...

"ते अकरावीचं ऱ्हाऊ द्या हो," पलीकडून संयोजक म्हणाले, "कार्यक्रम दहावीचा हाय. मेमोच्या दोन झेरॉक्स तेवढ्या आणा."