द्वैत, अद्वैत आणि माया

वजन घटवणे हा वैद्यकाचा विषय आहे असा समज सर्वत्र रूढ असला, तरी मराठी मुलुखात तो आधी भाषेचा प्रश्न आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शरीर वाढण्यासाठी मराठीने राखून ठेवलेले शब्द बहुतेक आशीर्वादाच्या जातीचे आहेत: मूल बाळसे धरते, माहेरी आलेली लेक अंग धरते आणि जावई खात्यापित्या घरचा दिसतो. उलट शरीर घटण्यासाठी वापरले जाणारे वाळणे, रोडावणे, खंगणे, झिजणे हे शब्द सांत्वनाला आलेल्या माणसाच्याच तोंडी शोभावेत. ‘तब्येत’ या शब्दाचा कोशातला अर्थ ‘प्रकृती’ असला, तरी ‘तब्येत सुधारली’ याचा व्यवहारातला अर्थ गेल्या वर्षीचे कपडे आता होत नाहीत, एवढाच असतो. त्यामुळे सहा महिने पथ्य पाळून आठ किलो उतरवलेला गृहस्थ एखाद्या लग्नाला गेला, की पहिला आप्त त्याला ‘बरं नाही का?’ असे विचारतो, दुसरा आवाज खाली आणून ‘शुगर निघाली का?’ असे विचारतो, आणि तिसरा काही न विचारता त्याच्या पानात जिलबी वाढतो.

या प्रतिकूलतेवर मात करण्यासाठी मराठी समाजाने आहाराचा प्रश्न वैद्यकाकडून काढून तत्त्वज्ञानाकडे सोपवला, आणि २०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर?’ हा वाद घरोघर इतका पेटला, की त्या काळात जेवणापेक्षा जेवणाच्या वेळेबद्दलच अधिक बोलले गेले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा धागा पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेल्या पद्धतीत कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे असते. त्यामागचा विचार असा, की प्रत्येक खाण्याबरोबर स्वादुपिंडातून इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारे आणि मेदाचा साठा जपणारे संप्रेरक, पाझरते, आणि ते दिवसभर पाझरत राहिले तर साठ्यातली चरबी वापरात येत नाही. ऋजुता दिवेकर यांचा भर मात्र आजीच्या स्वयंपाकघरातले स्थानिक व हंगामी अन्न, तुपाचा दुस्वास न करता, थोड्याथोड्या अंतराने खाण्यावर आहे. वेदान्ताच्या परिभाषेत दोनदा जेवणाऱ्यांना द्वैती आणि एकभुक्त राहणाऱ्यांना अद्वैती म्हणता येईल. परंतु लोकसंख्येचा फार मोठा भाग समन्वयवादी आहे. समन्वयवादी म्हणजे जो पहिल्या पंथाकडून ५५ मिनिटे घेतो, दुसऱ्या पंथाकडून तूप घेतो आणि दोन्ही पंथांतले चालणे व आवरणे त्या त्या पंथाच्या निष्ठावंतांसाठी सोडून देतो.

तिसरा आणि सर्वांत प्राचीन मार्ग उपवासाचा असून त्याचा भूगोल विशेष उद्बोधक आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा आणि बटाटा हे तिघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही अमेरिकेचीच, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेली. याचा अर्थ आषाढी एकादशीला विठ्ठलाचे नाव घेऊन ज्या खिचडीवर झाकण ठेवून वाफ आणली जाते, तिच्यातले तूप, जिरे आणि मीठ सोडले तर बाकी सगळी मंडळी समुद्रापलीकडची पाहुणी ठरतात; आणि प्राचीन धर्मशास्त्राने त्यांचा निषेध केला नाही, याचे साधे कारण ती शास्त्रकारांना ठाऊकच नव्हती. पोषणाच्या हिशेबाने पाहता शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी असल्याने, पोळीभाजीला विश्रांती देणारा हा दिवस पोटाला मात्र जादा पाळी करायला लावतो.

व्यायामाच्या बाबतीतही ही परंपरा मुळीच दरिद्री नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराच्या प्रसाराला वाहून घेतले होते, आणि बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’चे तर दहा खंड आहेत, जे नुसते रोज कपाटातून काढून परत ठेवले तरी दंडांना उपकारक ठरावेत. आधुनिक काळात या परंपरेचा वारसा पुणेकरांच्या रविवारच्या सिंहगडाकडे आला असून त्याचे गणित तपासण्याजोगे आहे. आतकरवाडीपासून माथ्यापर्यंतची चढण सुमारे ६०० मीटरची आहे. सत्तर किलोचा देह तेवढा वर उचलण्याचे काम जेमतेम १०० किलोकॅलरीचे भरते. परंतु स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावतात आणि उरलेली घामाच्या व धापेच्या रूपाने उधळतात, म्हणून प्रत्यक्ष खर्च ४०० च्या घरात जातो. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० किलोकॅलरी असल्याने ती वितळवण्यास सुमारे एकोणीस रविवार लागतील, अट एवढीच, की माथ्यावर पाण्याखेरीज काही घेऊ नये. माथ्यावर मात्र चुलीचा धूर डोळ्यांत जात असतो, झाऱ्यातून निथळणारी कांदाभजी कागदावर पडताच कागद पारदर्शक होऊ लागतो, भाकरीच्या पापुद्र्याखाली पिठले वाफ धरून बसलेले असते आणि शेजारी मडक्यातले दही साखर घालू का, असे विचारत असते. चारशेचा तो हिशेब पहिली भाकरी मोडेपर्यंत चुकता होतो आणि दही उधारीवर जाते. गड येतो, पोट जात नाही.

याहून सूक्ष्म विषय मोजदादीत न येणाऱ्या अन्नाचा आहे. दिवसभरात काय खाल्ले याची वही ठेवा, असा सल्ला आहारतज्ज्ञ देतात. परंतु मराठी घरात उभ्याने खाल्लेले अन्न खाणे समजले जात नसल्याने ते वहीत चढत नाही. आमटीचे मीठ पाहणे, पातेल्याच्या तळचा दोन घास भात वाया जाऊ नये म्हणून संपवणे, आणि शेजारणीने आणलेल्या खरवसाला ‘नाही’ म्हणवत नाही म्हणून तो घेणे, या तिन्ही क्रिया अनुक्रमे कर्तव्य, काटकसर आणि शेजारधर्म या सदरांत जमा होतात. याच वर्गातली ‘अर्धा’ ही संकल्पना गणितज्ञांच्या अभ्यासाची आहे. बेसनाचा लाडू समोर आला की पथ्यावरचा माणूस ‘अर्धाच’ घेतो. थोड्या वेळाने उरलेल्या अर्ध्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा, आणि ही श्रेणी संध्याकाळपर्यंत एका पूर्ण लाडवाकडे सरकत असली, तरी आपण सबंध लाडू खाल्ला असे त्याला शपथेवर कधीच कबूल करता येत नाही, कारण डब्यात चिमूटभर चुरा पुराव्यादाखल शिल्लक असतो.

एवढे असूनही वजनाचा आकडा मर्यादेत राहिलेला माणूस निश्चिंत व्हायला मोकळा नाही, हे सिद्ध करण्याचे श्रेयही पुण्याकडेच जाते. बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे माप एकोणिसाव्या शतकातल्या अदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाच्या सूत्रावरून आले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशा या भारतीय देहात काट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलका ठरतो, आणि म्हणून पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेघ आखून देण्यात आली आहे.

या शोधाचे खरे मानकरी अर्थातच शिंपी आहेत. मानेभोवती टेप टाकलेला गल्लीतला शिंपी गिऱ्हाइकाचे माप घेताना श्वास सोडायला सांगतो, आकडा मोठ्याने न वाचता वहीत लिहितो आणि कापड कापताना कमरेच्या शिवणीत दोन बोटे जादा ठेवतो. पुढे पँट सैल करावी लागेल, या दूरदृष्टीने आत दुमडून ठेवलेल्या त्या जादा कापडाला शिवणकामाच्या परिभाषेत ‘माया’ म्हणतात. द्वैती असो वा अद्वैती, एकोणीस रविवारांचा संकल्प सोडलेला असो वा मोडलेला, प्रत्येकाची माया शिंपी न विचारता सोडतो. आणि दिवाळीनंतर तीच माया उसवायला तो माणूस आपल्या पायांनी, बहुधा भरभर चालत, येतो.