गेटची चावी कोणाकडे?

कॉलेजच्या सामन्यात दोन पोरांनी एकमेकांची कॉलर धरली की मोबाइल वर होतात. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ शहरभर फिरतो. आधी कोणी ढकललं, शिवी कोणी दिली, यावर आठवडाभर घोळ चालतो. मग संघावर बंदी येते, एखादा पोरगा वर्षभर बाहेर बसतो आणि आयोजक हात झटकतात. बंदी घालायला माझी हरकत नाही. रेफरीच्या अंगावर धावून जाणाऱ्याला घरी बसवलंच पाहिजे. पण त्याला घरी बसवलं म्हणून मैदान सुरक्षित झालं, हे मी मानत नाही. मैदानात येणारा माणूस खेळाडूच्या मुक्क्याने मरत नाही. तो जिन्यात मरतो, बंद गेटपाशी मरतो, कच्च्या कठड्यासकट खाली येऊन मरतो.

हे नागपूरला दुसऱ्या कोणी सांगायची वेळ यायला नको होती.

२६ नोव्हेंबर १९९५. रविवार. सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं (व्हीसीए) जुनं मैदान, भारत विरुद्ध न्यूझीलंड, मालिकेतला पाचवा एकदिवसीय सामना. पाहुण्यांनी ८ बाद ३४८ केल्या. नेथन अ‍ॅस्टल ११४, ख्रिस केर्न्स १०३. जेवणाची सुट्टी झाली. त्या सुट्टीत नव्याने बांधलेल्या पूर्वेकडच्या स्टँडची भिंत कोसळली आणि माणसं उंचावरून खाली आली. नऊ जण गेले, कित्येक जखमी झाले. आणि सुट्टी संपल्यावर भारताचा डाव सुरू झाला. तो २४९ वर आटोपला, आपण ९९ धावांनी हरलो. धावफलकात हे सगळं नीट नोंदलेलं आहे. ती नऊ माणसं त्यात नाहीत.

सामना पुढे का चालू ठेवला, असा राग त्या दिवसाबद्दल अनेकांच्या मनात आहे. माझा राग तिथे नाही. भरलेल्या स्टेडियममध्ये अशी बातमी फुटली असती तर लोक एकदम दाराकडे धावले असते, आणि त्या धावपळीत आणखी किती गेले असते कोण जाणे. माझा राग सामन्याच्या आधीच्या दिवसांवर आहे. नवा स्टँड होता. त्यात हजारो माणसं बसणार, उठणार, सुट्टीत पाय मोकळे करायला कठड्याशी जमणार, रेलून खाली बघणार, हे ठाऊक होतं. क्रिकेट बघणारा माणूस याहून वेगळं काही करत नाही. त्या दिवशी कोणी दंगा केला नव्हता. खेळाडूंची हाणामारी नव्हती, समोर शत्रू म्हणावा असा संघही नव्हता. न्यूझीलंडशी कोणाचं वैर असतं?

तरी नऊ माणसं गेली. आणि १ मार्च १९९६ ला, जेमतेम तीन महिन्यांनी, त्याच मैदानावर विश्वचषकाचा सामना झाला. ऑस्ट्रेलिया आणि झिम्बाब्वे.

कठड्याचं गणित काही गुपित नाही. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात ते दिलेलं आहे. जिथे गर्दी दाटते अशा जागेच्या कठड्याने दर मीटरमागे सव्वादोन किलोन्यूटन इतका आडवा रेटा सोसला पाहिजे. साध्या भाषेत, एक मीटर लांबीच्या कठड्यावर सुमारे २३० किलोचा भार आडवा लोटला तरी तो हलता कामा नये. घराच्या गच्चीच्या कठड्याला इतकं लागत नाही, कारण गच्चीवर चाळीस माणसं मागून ढकलत नसतात. आपल्याकडे बरेचदा स्टेडियमचा कठडा गच्चीच्या हिशेबाने उभा राहतो, त्याला रंग लागतो, त्यावर जाहिरातीचा फलक लागतो आणि मग त्याच्याकडे कोणी बघत नाही. तो तपासायला स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो, एक दिवस लागतो आणि खाली सही लागते. ती सही करायची कोणी, इथेच गाडी अडते.

ती भिंत पडण्याच्या एक वर्ष तीन दिवस आधी याच शहराने याहून मोठं काही पाहिलं होतं. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन चालू, विधान भवनाकडे निघालेला गोवारींचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवलेला. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. तो खेळाचा सामना नव्हता हे मला कळतं, आणि आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेल्यांना स्टेडियमच्या हिशेबात बसवणं बरोबर नाही हेही कळतं. तरी तो दिवस इथे आणतो, कारण गर्दीकडे बघण्याची सरकारी नजर दोन्हीकडे एकच आहे. आलेली माणसं म्हणजे धोका. त्यांना अडवा. अडवल्यावर ती जातील कुठे, हा प्रश्न कागदावर येतच नाही.

आता मारामारीकडे येतो, नाहीतर म्हणाल मुद्दा चुकवतो.

१६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची फुटबॉल लढत होती. ईस्ट बंगालच्या दिलीप पालितने बागानच्या बिदेश बोसला पाडलं, बोसने उलट फेड केली, रेफरीने दोघांनाही बाहेर काढलं. इथपर्यंत खेळाडूंची गोष्ट. पुढे स्टँडमध्ये ठिणगी पडली. दोन्हीकडचे समर्थक एकमेकांत मिसळून बसलेले होते, दगड सुटले, लोक बाहेर पडायला धावले, आणि १६ जण मेले. ठिणगी त्या दोघांनी टाकली हे खरं. पण पालित-बोससारखी झोंबाझोंबी फुटबॉलमध्ये आठवड्याला कुठे ना कुठे होते आणि बहुतेक वेळा प्रेक्षक शिव्या घालून घरी जातात. कोलकात्यात त्या दिवशी घरी जायचा रस्ता अरुंद होता. कोलकाता आजही १६ ऑगस्टला रक्तदान करून त्या सोळा जणांची आठवण ठेवतं.

यातून आयोजक धडा घेतात, आणि नेमका उलटा घेतात. मारामारीच्या भीतीने जाळ्या उंच करतात, गेटं कमी करतात, उरलेल्या गेटांना कुलपं घालतात. इंग्लंडने हेच केलं. हुल्लडबाजांना मैदानात उतरू द्यायचं नाही म्हणून प्रेक्षकांपुढे लोखंडी पिंजरे उभे केले. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये माणसं त्याच पिंजऱ्यात चिरडली गेली, ९७ जण गेले. नंतर तिथे पिंजरे काढले, मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची दिली. इंडोनेशियात मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला यजमान संघ हरला, काही समर्थक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. स्टेडियममध्ये गर्दीवर वायू वापरू नये, हे फिफाच्या नियमात लिहिलेलं होतं. धुराने गुदमरलेले लोक दारांकडे पळाले, दारं अरुंद होती, काही बंद होती. १३५ मृत्यू. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले. तिथे तर सामनाही नव्हता, विजयाचा आनंद साजरा करायला लोक आले होते.

भांडणाला घाबरून बांधलेल्या कुंपणाने भांडणापेक्षा जास्त माणसं मारली आहेत. हे वाक्य प्रत्येक क्रीडा संचालकाच्या टेबलावर लावून ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत कॉलेजचं फुटबॉल म्हणजे लाखाची गर्दी, हेल्मेटवाला खेळ, आपल्यापेक्षा शंभरपट पैसा. तिथेही २९ ऑक्टोबर २०२२ ला मिशिगन स्टेडियममध्ये सामना संपल्यावर पाहुण्या मिशिगन स्टेटच्या पोरांनी मिशिगनच्या दोन खेळाडूंना मारलं. कुठे मारलं? मैदानावर नाही, ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात. लाखभर प्रेक्षकांच्या त्या स्टेडियममध्ये दोन्ही संघांना आत-बाहेर करायला बोगदा एकच. हरलेले आणि जिंकलेले, दोघेही तापलेले, एकाच अरुंद वाटेने. मारणारे निलंबित झाले, काहींवर गुन्हे दाखल झाले, त्यांच्या विद्यापीठाला लाख डॉलरचा दंड झाला. पण मला यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. बोगद्यात पुरेसं संरक्षण दिलं नाही म्हणून स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेने यजमान मिशिगनलाही ठपका दिला. पुढे बोगद्याच्या तोंडाशी जागा मोकळी करायला काही खुर्च्या उखडल्या गेल्या. ज्याच्या पोरांनी मार खाल्ला त्यालाच विचारलं, की तुझी वाट अशी का?

आपल्याकडे हा प्रश्न यजमानाला कोण विचारतं? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींमधल्या फुटबॉलसारख्या लढतींना अख्ख्या पेठा उठून येतात. तिथे खेळाडू भिडले, गॅलरीतून बाटल्या आल्या, सामने थांबले, असं पुन्हा पुन्हा झालं आहे. त्या गर्दीवर माझा जीव आहे. तालमीच्या पोरांसाठी रडणारी, भांडणारी माणसं या राज्यात दुसऱ्या कुठल्या मैदानावर दिसतात? म्हणूनच तिथे दर वेळी फक्त खेळाडूंच्या बंदीची यादी वाचून चिडायला होतं. गॅलरीतून बाहेर पडायचे मार्ग किती, कोणत्या समर्थकाला कुठून सोडायचं, याची यादी त्याआधी यायला हवी.

आणि आता आपलं नागपूर. इथे फुटबॉल कामठीच्या छावणीतून आलं, रब्बानीसारख्या क्लबांनी ते जपलं, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून ते झोपडपट्टीतल्या पोरांपर्यंत नेलं. बारसेंच्या कामावर ‘झुंड’ सिनेमा निघाला तो २०२२ मध्ये, पण त्या कामाचं मूळ साधं होतं. पोराच्या पायात चेंडू द्या, हात आपोआप मोकळे राहतात. ज्या शहराने हे करून दाखवलं, त्या शहरात खेळाडूला जन्मजात गुंड समजून नियम करणं मला पटत नाही.

आंतरमहाविद्यालयीन सामने होतात ती आपली मैदानं बघा. बरीचशी उघडी आहेत, स्टँडच नाहीत, म्हणून भिंत पडायची भीती कमी. पण चुन्याच्या रेघेपासून दोन हातांवर प्रेक्षक उभे, दोन्ही संघ एकाच मंडपात, एकाच नळावर पाणी पितात, रेफरीची मोटरसायकल त्याच गेटपाशी जिथे हरलेल्या संघाचे दोस्त थांबलेले. मग कोणी म्हणतो, “काय बे, तेव्हा लय बोलत होतास ना,” आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ही भांडणं स्वभावातून कमी आणि मांडणीतून जास्त येतात. मंडप दोन करा, मैदानाच्या दोन टोकांना. शिटी वाजली की आधी रेफरी आणि लाइन्समन बाहेर, मग पाहुणा संघ, दहा मिनिटांनी यजमान. प्रेक्षकांसाठी दोरी रेघेपासून पाच मीटर मागे. याला ना निधी लागतो ना टेंडर.

जिथे स्टँड आहेत तिथे मात्र पैसा लागेल आणि तो खर्च करावाच लागेल. धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमवर अधिवेशनाच्या काळात मोर्चे जमतात, इतर वेळी खेळ होतात. जामठ्याला २००८ पासून मोठं स्टेडियम आहे, ४५ हजार प्रेक्षकांचं. अशा प्रत्येक जागेचा कठडा, जिना आणि गेट दर वर्षी तपासून त्याचा दाखला तिकीटखिडकीवर चिकटवावा, लिफ्टमध्ये असतो तसा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या कार्यक्रमांसाठी २०१४ मध्येच मार्गदर्शिका काढली आहे. आयोजकांनी नवं काही शोधायचं नाही, ती उघडून वाचायची आहे.

पोलिसांकडून सामन्याआधी एक आकडा नेहमी येतो, इतके अधिकारी, इतके शिपाई तैनात. मला दुसरे आकडे हवे आहेत. स्टेडियमची किती गेटं आहेत, त्यांतली किती सामना चालू असताना उघडी राहणार, ती बाहेरच्या बाजूला उघडतात की आतल्या, आणि पूर्ण भरलेलं स्टेडियम किती मिनिटांत रिकामं होतं. याची उत्तरं आयोजकांकडे नसतील तर त्यांना परवानगी देऊ नये, मग समोर कॉलेजचे संघ असोत की देशाचे.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे या मोसमासाठी माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावाआधी दोन नावं छापा, सामना थांबवायचा अधिकार ज्याला आहे त्याचं आणि गेटची चावी ज्याच्याकडे आहे त्याचं, दोघांच्या मोबाइल नंबरांसह. आणि तो चावीवाला नाणेफेकीपासून शेवटच्या शिटीपर्यंत गेट सोडून कुठेही जाणार नाही, असं लिहून घ्या.