ओला बांबू

सातपुड्याच्या पायथ्याशी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात ढोल घुमू लागतो, तेव्हा चोपडा-यावलकडच्या त्या गर्दीत एखादा तीरकामठाही मिरवत असतो. बघणाऱ्याला वाटतं, बांबू तोडला, वाकवला, दोरी बांधली, झालं. कामठे करणाऱ्या एका आबांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले. “कसानी घाई शे, भाऊ?”

घाई करायची ती बांबूने आधीच करून घेतलेली असते. पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो आणि काही महिन्यांत आयुष्यभराची उंची गाठून मोकळा होतो. जाडीही जन्माला येताना आणलेली तीच. पुढची दोन-तीन वर्षं तो बेटात नुसता उभा. बाहेरून काही घडताना दिसत नाही, आत मात्र मुरत असतो. कामठ्याला असा मुरलेला, भरीव मानवेल हवा. तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, आणि जाणती माणसं त्यातही अंधारा पंधरवडा धरतात. बांबूतल्या पिठावर घुण्यांचा फार जीव. ते पंचांग पाळतात की नाही, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

ओला बांबू नव्याने निवडून आलेल्या सदस्यासारखा असतो: म्हणाल तिकडे वाकतो, आणि वाकला की तसाच राहतो. कामठ्याला वाकून परत येणारा हवा. म्हणून चिरलेली फाक सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की तडकलीच. खानदेशच्या उन्हात तर चैत्रापासून माणसंही भिंतीच्या कडेकडेने चालतात. मग चुलीच्या वर, आढ्याला, धुरात आणि भाकरीच्या वासात ती पडून राहते. आबा येता-जाता तिला टिचकी मारतात, आवाज ऐकतात आणि काही न बोलता पुढे जातात. तासायचं तेही बेताबेताने: एक पापुद्रा काढायचा, गुडघ्याला टेकवून वाकवायचं, दोन्ही बाजू सारख्या कमानतात का ते एक डोळा मिटून पाहायचं, पुन्हा एक पापुद्रा. दोरी म्हणजे बांबूच्याच सालीची पट्टी. वाकणारा आणि त्याला वाकवून धरणारी, दोघं एकाच बेटातली. संसाराची तक्रार तरी कुणाकडे करावी!

सरकारचा धीरही काही कमी नाही. शास्त्राच्या लेखी बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवलं आणि २०१७ साली वनाबाहेरच्या बांबूचं झाडपण काढून घेतलं. नव्वद वर्षं एक गवत झाड म्हणून उभं होतं, आणि त्याला कुणी कळवलंही नव्हतं. कामठ्याकडे सरकारचं लक्ष त्याही आधी गेलं होतं: १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभारून तीरकामठा धरणाऱ्या हातांत बंदूक दिली. पलटण इतिहासात गेली. कामठा अजून बाजाराला येतो.

आबांनी केलेला एक कामठा माझ्या जळगावच्या घरी आहे. त्यांची ताकीद अशी, की काम नसताना दोरी उतरवून ठेवायची. सदा ताणून ठेवलेला कामठा आळसावतो. दोरी उतरवली की ती जेमतेम बाक असलेली काठी दिसते आणि पाहुणे विचारतही नाहीत. आत्याला मात्र ती पसंत पडली. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या, की ती काठी मांडीवर घेऊन बसते आणि कावळा दिसला की उगारते. बाणाची गरज पडत नाही, असा निरोप तिने आबांना द्यायला सांगितला आहे.