ग्रॅमभाई

भाईंदरच्या जेसल पार्कात राहणाऱ्याला ग्रॅमभाई कोण हे सांगावं लागत नाही. प्रत्येक सोसायटीत त्याचं नाव वेगळं, मजला वेगळा; पण स्टिल्ट पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि खिशात प्रवासी बॅगा तोलायचा डिजिटल काटा, एवढ्या दोन खुणा पुरतात. हा गृहस्थ स्वतःची स्पोर्ट्स कार बांधतो आहे. दोन सीटची, बिनछपराची, पाचशे किलोच्या आतली. 'कसं काय चाललंय?' असं विचारलंत की तो तुमच्या हातातली पिशवी काढून घेतो, काट्याला लावतो आणि आकडा सांगतो. त्याच्या तावडीतून सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण सुटलेला नाही, आणि तान्हं बाळ सुटलं ते केवळ आजी वेळेवर धावली म्हणून. सोसायटीचं सर्वसाधारण मत असं की हा माणूस कामातून गेला आहे. माझं म्हणणं उलट आहे. त्या पार्किंगमध्ये धोरणी माणूस तो एकटाच, आणि त्याची गाडी पुरी होत नाही यामागे आळस नाही, शहाणपण आहे.

आधी या वेडाचं कूळ पाहू. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये सेव्हन नावाची स्पोर्ट्स कार काढली. विलायतेत तेव्हा तयार गाडीवर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून गाडी सुटी विकायची आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायची. कर वाचवण्यासाठी जन्मलेली ही चीज भाईंदरात रुजली यात नवल कसलं? १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला विकून टाकले. पण तोवर लोकांना जोडण्याचीच चटक लागली होती. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियनने अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं. त्यात जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोडायला सांगितली आहे, आणि ग्रॅमभाईचा वनवास नेमका इथे सुरू होतो. कारण ती एस्कॉर्ट मागच्या चाकांवर चालणारी; महिंद्राने आपल्याकडे विकली ती पुढच्या. तिचं काही उपयोगाचं नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या राहिल्या कॉन्टेसा, पद्मिनी, जिप्सी आणि ओम्नी. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने फायबरच्या अंगाची रोडस्टर बनवली ती कॉन्टेसाचंच १.८ लिटरचं इसुझू इंजिन घालून. ग्रॅमभाईचा जीव मात्र ओम्नीवर. तुम्ही नाक मुरडलंत की तो शांतपणे सांगतो, केटरहॅमने २०१३ मध्ये छोटी सेव्हन काढली तेव्हा तिला ६६० सीसीचं सुझुकी इंजिन आणि सुझुकीचंच मागचं अ‍ॅक्सल बसवलं. वजन ४९० किलो. हा आकडा तो ज्या आवाजात उच्चारतो त्या आवाजात आपल्याकडे आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली म्हणतात.

मग एखाद्या सकाळी तो निघतो. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट आणि बेअरिंगं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने भाग, चोर बाजारात नशीब. ओम्नीचं डिफरन्शिअल घेऊन तो लोकलच्या लगेज डब्यात चढतो आणि विरार फास्टमधून भाईंदरला उतरण्याचा पराक्रम, ज्यावर रिकाम्या हाताच्या माणसालाही पदक मिळावं, तो ऑइल गळणारं धूड पोटाशी धरून करून दाखवतो. दारात बायको उभी. आधी काटा, मग चहा. यावर पहिला आक्षेप ठरलेला: स्टीलचा बोल्ट काढून अ‍ॅल्युमिनियमचा लावल्याने चाळीस ग्रॅम वाचतात, मग स्वतःच्या पोटाचे बारा किलो का नाही उतरवत? आक्षेप बिनतोड वाटतो, पण चुकीच्या जागी लागतो. पोट कमी करणं एकट्याचं काम आहे. त्यात कुर्ला नाही, नागदेवी नाही, भांड्यांच्या गाळ्यातला तो वेल्डर नाही, ज्याला पातळ पत्रा न जाळता जोडता येतो. ग्रॅमभाईला वजन कमी करायचं नाहीच. वजनाच्या निमित्ताने त्याला एवढी माणसं गाठायची आहेत. (बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचा लावू नये अशा जागाही गाडीत पुष्कळ असतात. पण हे त्याला कोणी सांगायचं?)

याच नादातून ट्रेलरचं प्रकरण निघतं. गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ओढून न्यायला ट्रेलर हवा, आणि गाडी नसताना ट्रेलरचा शोध मात्र जोरात आहे. आपल्याकडे ट्रेलर कोण बनवतं? सांगली-कोल्हापूरकडचे ट्रॉलीवाले, तेही टनावारी उसासाठी. ती ट्रॉली त्याच्या गाडीहून कितीतरी जड. ग्रॅमभाईला हा विचारसुद्धा सहन होत नाही. त्याने तोड काढली ती मारुती ८०० ची: पुढच्या चाकांवर चालते म्हणून गाडीला कुचकामी, पण तिचं मागचं साधं अ‍ॅक्सल ट्रेलरला झकास. आता कायद्याची गंमत बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम २८ : मोटार वाहनाच्या व्याख्येत बॉडी न बसवलेली चासी येते आणि ट्रेलरही येतो. म्हणजे सोसायटीची कमिटी ज्याला 'भंगार' म्हणून नोटीस चिकटवते ती कायद्याने दोन मोटार वाहनं ठरतात. फक्त नंबर कुठलंच मिळवू शकत नाही. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास व्हावा लागतो, आणि तो खटाटोप कारखानदारासाठी बेतलेला आहे. जुन्या नोंदलेल्या गाडीचं रूप बदलावं म्हटलं तर त्याच कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी घट्ट करून ठेवलं.

'पण जिद्द असेल तर माणूस पुरं करतोच,' हा दुसरा आक्षेप. पुरं करणाऱ्यांचं काय झालं ते बघू. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये मीरा नावाची छोटी मोटार उभी केली, तिला रबराचं सस्पेन्शन दिलं, सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने काढले. बाजारात एकही आला नाही. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी साठेक हजारांत, भंगारातून, किक मारून सुरू होणारी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि त्याच दमात बजावलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल. बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढल्या महिन्यात दिलीही. दिलदारीच ती. पण हिशेब असा पडतो की महाराष्ट्रात हाताने गाडी पुरी केलेल्या माणसाला बक्षीस म्हणून कारखान्यात पुरी झालेली गाडी मिळते, आणि त्याची स्वतःची शोभेला जाते. अर्धवट गाडी कोणी अडवत नाही, शोभेलाही नेत नाही. ग्रॅमभाई हे जाणून आहे.

कोणी म्हणेल, नियम माणसं मरू नयेत म्हणून असतात. खरंच आहे. घरी वेल्ड केलेलं स्टेअरिंग घेऊन कोणी घोडबंदर रोडला येऊ नये. पण विलायतेत हौशी माणसाची एकुलती एक गाडीही सरकारी तपासणीला जाते. ब्रेक, दिवे, धूर, धारदार कडा सगळं बघतात आणि पास झाली तर नंबर देतात. तसं आपल्याकडे झालं तर ग्रॅमभाईची पंचाईत होईल, त्याला गाडी खरोखर पुरी करावी लागेल. तूर्त ती भीती नाही. भीती दुसरी आहे. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. आता जुन्या गाड्या अधिकृत केंद्रांत मोडण्याचं धोरण आहे, आणि नव्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, वर संगणकाने बांधलेल्या. त्यातलं इंजिन उचलून दुसरीकडे ठेवलं तर ते स्वतःलाच ओळखत नाही. गाळेही एकेक करून बंद होताहेत, तो पातळ पत्र्याचा वेल्डर आता ग्रिलं बनवतो. गाडी पुरी होवो न होवो, शोधायचं काही उरणार नाही असे दिवस येताहेत, आणि काटा खिशातच राहू लागला आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावी गोठ्यामागे एखादी ओम्नी गंजत उभी असेल तर मागचं अ‍ॅक्सल भंगारात घालू नका. जेसल पार्कात निरोप द्या. तो येईल, रोख पैसे देईल, घेऊन जाईल. फक्त गाडी कधी पुरी होणार, हे त्याला विचारू नका.